साठ वर्षांचं झाड, दोन वर्षांचा अभ्यास

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघालं, शेंद्र्याचे कारखाने मागे पडले की करमाड. रानात कापूस, मका. बांधावर बाभूळ, हिवर, लिंब. माळावर उघडा मुरूम. इथल्या कुणाला जंगल वाढवण्याचं शास्त्र शिकायचं झालं, तर वाट दापोलीला नाहीतर अकोल्याला, कृषी विद्यापीठात जाते.

दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयात बी.एस्सी.ची चार वर्षं संपली की एम.एस्सी.ची दोन. त्यात वनसंवर्धन हा विषय, आणि त्याचा जीव रोपवाटिकेत. सागाचं बी कठीण कवचाचं; ते आलटूनपालटून भिजवायचं, वाळवायचं, तेव्हा कुठे उगवतं. लिंबोळीचं उलट. झाडावरून उतरली की दोन-तीन आठवड्यांत तिची उगवणशक्ती ओसरते. अंजन आणखी वेगळा: वर हातभर रोप दिसतं तेव्हा सोटमूळ कितीतरी खोल उतरलेलं असतं. म्हणून तर तो खडकाळ, उथळ जमिनीत तगतो. मग विरळणी. जमिनीपासून १.३७ मीटरवर बुंध्याचा घेर मोजायचा आणि कोणतं झाड काढलं तर शेजारच्याला उजेड मिळेल, ते ठरवायचं. झाडावर माया असलेल्या मुलाला हा धडा जड जातो, पण तो शिकल्याशिवाय वनसंवर्धन हाती येत नाही.

खरी अडचण काळाची आहे. साग तोडणीला यायला साठ-ऐंशी वर्षं, प्रबंधाला दोन. विद्यार्थ्याच्या वाट्याला रोपाचं बालपणच येतं, पुढचं सगळं आधीच्यांच्या वह्यांतून. १९०६ साली डेहराडूनला उभ्या राहिलेल्या वन संशोधन संस्थेची मला सर्वांत मोलाची वाटणारी कमाई हीच: राखून ठेवलेल्या तुकड्यांत तीच झाडं वर्षानुवर्षं पुन्हा मोजली गेली, त्यातून वाढीचे तक्ते झाले. मोजणारे बदलले, झाडं तीच राहिली.

दापोलीत पाऊस साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरात, करमाडकडे सातशेच्या आसपास. तिथला तक्ता इथे लागू पडणार नाही. लागवडीचे आकडे दर पावसाळ्यात ऐकू येतात. मला हवी आहे ती पुन्हा मोजलेल्या झाडांची वही. शिकून परतलेल्या एखाद्याने करमाडच्या माळावर एकरभर तुकडा आखावा, अंजन, धावडा, लिंब लावावेत, प्रत्येकाला क्रमांक द्यावा. आणि लिंबोळ्या आषाढातच वेचाव्यात. श्रावण उलटला तर त्या उगवायच्या नाहीत.