धोका की घोका?

लक्ष्मी रस्त्यावरच्या पाट्या आपण वाचतो, पण त्यांची अक्षरं सहसा पाहत नाही. ‘भव्य सेल’ची अक्षरं पाहा. जाड, उजवीकडे झुकलेली आणि सगळीकडे जवळजवळ सारख्या जाडीची. छपाईच्या भाषेत हे ‘बोल्ड इटॅलिक सॅन्स सेरिफ’. सेरिफ म्हणजे रोमन अक्षरांच्या टोकांना असणारे छोटे पाय, सॅन्स म्हणजे त्यांच्याविना. देवनागरीला मुळातच असे पाय नाहीत. बोरूच्या तिरक्या कापामुळे आपल्या अक्षरात जाड-बारीक भेद येतो. तो काढला, की झालं आपलं सॅन्स सेरिफ.

तिरपं अक्षर आलं युरोपातून. व्हेनिसच्या आल्डस मनुटियसने १५०१ मध्ये भरभर लिहिलेल्या हस्ताक्षराच्या वळणाचे खिळे वापरून अख्खं पुस्तक छापलं. पुढे रोमन लिपीत हे अक्षर ग्रंथांच्या नावांसाठी आणि जोर द्यायच्या शब्दांसाठी राखलं गेलं. मराठीला त्याची तेवढी गरज पडली नाही. भरभर लिहायला मोडी होती आणि जोर द्यायला आपला ‘च’ आहेच! आपल्याकडे ते शोभतं जाहिरातीत, वेग आणि उत्साह दाखवायला.

संगणक आला आणि एक बटण दाबलं की अक्षर तिरपं होऊ लागलं. फाँटमध्ये तिरपं रूप मुद्दाम आखलेलं नसेल, तर संगणक सरळ अक्षरालाच ढकलतो. शिरोरेषा आडवीच राहते, बाकीचं अक्षर कलतं. ‘ठ’चा गोल अंड्यासारखा होतो, एका अंगाने जाड, दुसऱ्या अंगाने बारीक. ‘र’चा तिरका पाय उभा होऊ लागतो. मूळची डावीकडे झुकलेली मात्रा ताठ उभी राहते. ‘प्र’मधला रकार मात्र आणखी आडवा होतो. हे सगळं हाताने दुरुस्त करावं लागतं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा ‘श्री देवनागरी ७१४’ हा फाँट अ‍ॅपलच्या मॅक संगणकांवर मिळतो. त्यात साधं, जाड, तिरपं आणि जाड-तिरपं अशी चार वेगळी रूपं आहेत.

माझ्या मते तिरपेपणापेक्षा जाडपणा जास्त घातक. रेघ जाड होते ती अक्षराच्या आतली पांढरी जागा खाऊन. देवनागरीत ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ या जोड्यांमधला फरक शिरोरेषेतली एक फट आणि तिच्याखालची बारीक गाठ एवढाच असतो. ती फट बुजली, की ‘धोका’चा ‘घोका’ होतो आणि ‘पाणीपट्टी येथे भरा’ या पाटीवर नागरिकांना भलताच सल्ला मिळतो! म्हणून चांगला आखणारा जाड अक्षर थोडं रुंद करतो, शिरोरेषा उभ्या दंडापेक्षा बारीक ठेवतो आणि रेघा जिथे मिळतात तिथे त्या कोरून पातळ करतो. ‘द्ध’, ‘क्ष’ अशा जोडाक्षरांवर सर्वांत जास्त वेळ जातो.

दोन-तीन शब्दांच्या मथळ्याला हे अक्षर झकास दिसतं. अख्ख्या निमंत्रणपत्रिकेला नको. रस्त्यावरच्या सूचनांना तर मुळीच नको. फ्लेक्स छापायला देण्याआधी मजकूर पडद्यावर अगदी लहान करून पाहा आणि ‘ध’, ‘भ’, ‘थ’ यांच्या फटी उघड्या आहेत ना, एवढं तपासा. बुजल्या असतील तर एक पायरी कमी जाड रूप निवडा. छापणारा ‘चालतंय की’ म्हणेल, तरीही.