लसीकरणोत्तर लसीकाग्रंथींची सूज आणि कर्करोगाचा संशय

दंडावर लस टोचल्यानंतर काही दिवसांत त्याच बाजूच्या काखेत गाठ हाताला लागते आणि ती कर्करोगाची तर नसेल ना, या शंकेने मन ग्रासले जाते. कोविड-१९ प्रतिबंधक लसीकरणास २०२०च्या अखेरीस प्रारंभ झाल्यावर असे प्रसंग अनेक देशांत नोंदले गेले. प्रस्तुत लेखात या गाठीमागील शरीरप्रक्रिया व निदानातील अडचण यांचा विचार केला आहे.

पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते. तिला मराठीत 'अवधाण' हा स्वतंत्र शब्दच आहे. लसीनंतर काखेत येते तेही तत्त्वतः अवधाणच होय. लसीमुळे निर्माण झालेली प्रथिने व ती वाहून नेणाऱ्या पेशी लसीकावाहिन्यांतून काखेतील ग्रंथींत पोहोचतात. तेथे प्रतिकारक पेशींची झपाट्याने वाढ होते व ग्रंथी फुगते. नवजात बालकास डाव्या दंडावर बी.सी.जी. टोचल्यावरही क्वचित असे घडते. अमेरिकेतील मॉडर्ना लसीच्या चाचणीत १८ ते ६४ वयोगटातील सुमारे १६ टक्के व्यक्तींना दुसऱ्या मात्रेनंतर काखेत सूज वा दुखरेपणा जाणवला होता.

अडचण अशी की, स्तनाचा कर्करोगही बहुधा प्रथम त्याच बाजूच्या काखेतील ग्रंथींत पसरतो. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी शर्करासदृश द्रव्य टोचतात. कर्कपेशी ते शोषून घेतात, तशाच कार्यरत प्रतिकारक पेशीही. त्यामुळे दोन्ही उजळून दिसतात. पूर्वी स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेतलेल्या स्त्रीच्या बाबतीत या उजळ ठिपक्याचा अर्थ रोग उलटला असाही लावला जाऊ शकतो. मग सुईने तुकडा काढून तपासणे आणि अहवाल येईपर्यंतचा मनस्ताप ओघाने आलाच.

अमेरिकेतील स्तनप्रतिमातज्ज्ञांच्या संघटनेने २०२१च्या आरंभी सुचविले की, शक्य असल्यास नियमित मॅमोग्राफी लसीपूर्वी अथवा दुसऱ्या मात्रेनंतर चार ते सहा आठवड्यांनी करावी. पुढे २०२२ मध्ये तपासणी लांबवू नये, अशी भूमिका तिने घेतली. ही दुरुस्ती योग्यच म्हणावी लागेल. कारण खरा कर्करोग लसीच्या नावावर खपून जाणे अधिक घातक. लसीची गाठ बहुधा काही आठवड्यांत ओसरते, सोनोग्राफीत मात्र ती त्यानंतरही दिसू शकते. विरुद्ध काखेतील, कठीण, वाढत जाणारी किंवा स्तनातील गाठीसह आलेली सूज असेल तर वाट पाहू नये. तपासणीच्या वेळी लसीची तारीख व हात आवर्जून सांगावा. एका स्तनाचा कर्करोग झालेल्यांनी लस शक्यतो विरुद्ध दंडावर घ्यावी.