जुनी पद्मिनी दुरुस्तीला आली तर आधी गंज शोधा

जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, म्हणजे आजचा ५३, मलकापूर, नांदुरा, खामगाववरून जातो. या रस्त्याच्या आधाराने आपल्या बुलडाणा जिल्ह्यात गॅरेजचा धंदा वाढला. डेंटिंग, पेंटिंग आणि वेल्डिंगच्या कामात आपले अनेक कारागीर बंधू आहेत. नव्या गाड्यांचे काम आता कंपनीच्या वर्कशॉपकडे जाते. तिथे ठोकून सरळ करण्याऐवजी तयार पत्राच बदलतात. जुन्या गाडीला मात्र हातच लागतो. म्हणून शौकीन मंडळींच्या जुन्या गाड्या हा कसबी कारागिरासाठी चांगला धंदा आहे. अट एकच, रंगाखाली काय आहे ते त्याला ओळखता आले पाहिजे.

आपल्याकडे अशा गाड्यांत दोनच मुख्य. पहिली प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला कारखान्यातली फियाट, जी १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. दुसरी हिंदुस्थान मोटर्सची अँबेसेडर, जिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्यानंतर या गाडीची ओढ वाढलीच आहे.

धोका कुठे असतो?

या दोन्ही गाड्यांना ट्रक किंवा जीपसारखी वेगळी चेसिस नाही. फ्लोअर, दरवाजाखालच्या पोकळ पेट्या आणि खांब मिळून सगळा भार बॉडीच पेलते. मडगार्ड सडले तर गाडी कुरूप दिसते, पण दरवाजाखालची पेटी सडली तर गाडीची कंबर मोडते. अपघातात अशी गाडी माणसांना वाचवू शकत नाही.

आपल्या भागात मुंबई-कोकणची खारी हवा नाही, म्हणून गंज नसेल असे समजू नये. चाकांनी उडवलेली काळी माती पोकळ भागात साचते, पाणी निघण्याची भोके बुजतात आणि पावसाळ्याची ओल आतच महिनोन्‌महिने राहते. पत्रा आतून कुजत येतो. बाहेर फुगा दिसेपर्यंत निम्मे काम झालेले असते. गाडी मुंबईत वापरलेली असेल तर जास्तच सावध राहावे.

तपासणी कशी करावी?

मॅट आणि फेल्ट काढून फ्लोअर उघडा करावा. दरवाजाखालच्या पेट्या, पुढच्या चाकांमागचे कोपरे, बॅटरीची जागा, डिकीतील स्टेपनीची खोली आणि मागचे कमान-पाटे बॉडीला टांगलेले असतात ती जागा, एवढे भाग आधी पाहावेत. हातोडीच्या दांड्याने हलके ठोकावे. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो. संशयाच्या जागी जुन्या पेचकसाने दाबून पाहावे. लोहचुंबक चिकटत नसेल तर तिथे पत्र्याऐवजी पुट्टीचा थर आहे असे समजावे. एक सोपी खूण आहे. गाडी जॅकवर उचलल्यावर दरवाजा अडकू लागला किंवा त्याची फट बदलली, तर पेटीत जोर उरलेला नाही. गाडीखाली जाताना मात्र जॅकवर कधीही विसंबू नये. मजबूत घोडी लावावी.

दुरुस्तीत काय पाळावे?

वरवरचा गंज घासून त्यावर गंजरोधक द्रावण लावता येते. भोक पडलेल्या पत्र्याला मात्र कोणतेही द्रावण वाचवत नाही. तो कापून निरोगी पत्र्यापर्यंत जावेच लागते. कापण्यापूर्वी गाडी चार जागी टेकवावी आणि दरवाजाच्या चौकटीत तात्पुरते आडवे पाइप वेल्ड करून ठेवावेत. दोन्ही बाजू एकदम कापू नयेत, नाहीतर बॉडी वाकते.

नवा तुकडा मूळ जाडीचाच हवा. पेटीसारख्या भार पेलणाऱ्या भागाला सुमारे १८ गेज पत्रा लागतो. सडक्या पत्र्यावर ठिगळ ठोकणे म्हणजे ओल दोन थरांत कोंडणे. गॅसऐवजी मिग वेल्डिंग बरे, कारण उष्णता कमी पसरते. टाके थोडेथोडे आणि जागा बदलत मारावेत. आधी बॅटरी काढावी, पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवावी आणि आग विझवण्याचे साधन हाताशी ठेवावे. शेवटी आतून प्रायमर व मेणाचा थर द्यावा आणि पाण्याची भोके मोकळी करावीत.

कागदपत्रांची बाजू

जुलै २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या, खाजगी वापराच्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे. मात्र चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. म्हणून मूळ आकारातच काम करावे, कापण्याआधीचे आणि नंतरचे फोटो ठेवावेत. चेसिस नंबर कोरलेला भाग कधीही कापू नये. तोच सडलेला असेल तर काम थांबवून मालकाला आधी आरटीओकडे पाठवावे.

भाव ठरवताना

बॉडी उघडेपर्यंत एकच आकडा सांगू नये. आधी तपासणीची मजुरी ठरवावी, मग सापडलेला दोष मालकाला दाखवून कामाची यादी चिठ्ठीवर लिहून द्यावी. मालकाला खर्च परवडत नसेल, तर गाडी चालवण्यायोग्य नाही हे त्याच चिठ्ठीवर लिहावे. विक्रीसाठी सजवायला आलेल्या गाडीत पुट्टी भरून दोष झाकण्याचे काम कोणी मागितले तर नाकारावे. मालाचा ऐब लपवून विकणे शरीअतला मान्य नाही. शिवाय फसवणूक झालेला ग्राहक आता जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जातो. अशा कामाची कमाई एकदाच होते. उलट ज्या गॅरेजने दोष आधी दाखवला, तिथे तोच मालक आपल्या मित्राची गाडी घेऊन येतो.