उंची कमी, बाईक उंच? आधी सॅग मोजा

माझी उंची पाच फूट तीन, एक्सपल्स २०० फोर-व्हीची सीट ८२५ मिमी. जालन्याच्या मोंढ्यात पाय टेकला तो नेमका खड्ड्यात. बाईक आडवी!

लिंक बदलून बाईक खाली करता येते. पण २२० मिमी ग्राउंड क्लिअरन्स घटतो, साइड स्टँडही कापावा लागतो. म्हणून आधी सॅग बघा. मित्राला बाईक मागून उचलायला लावा आणि चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून सीटपर्यंत टेपने मोजा. मग हेल्मेट-जॅकेट घालून बसा, पुन्हा मोजा. जो फरक येईल तो सॅग. मागचा ट्रॅव्हल १७० मिमी, त्याचा साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे ५०-५५ मिमी हवा. माझं वजन ५६ किलो. सॅग जेमतेम ३५! प्रीलोड कमी केल्यावर ४५ झाला, सीट तेवढीच खाली आली. अजून हवं असेल तर आपल्या वजनाची नरम स्प्रिंग टाका. डबलसीट जाताना मात्र प्रीलोड परत वाढवा, नाहीतर अंबड रोडच्या स्पीडब्रेकरवर सस्पेन्शन दणकन तळाला लागेल.