परिचर्या शिक्षणातील अभ्यासपद्धती आणि परीक्षेचा ताण

प्रस्तावना :
परिचर्या शिक्षण हे वर्गात आणि रुग्णशय्येजवळ असे दोन्हीकडे घडणारे शिक्षण आहे. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी सत्र व श्रेयांक पद्धती आणली. परीक्षेस बसण्यासाठी ८० टक्के उपस्थिती आवश्यक असते, तर पदवीपूर्वी प्रात्यक्षिकांची उपस्थिती १०० टक्के पूर्ण करावी लागते. वॉर्डमधील ड्यूटी, वर्गातील तास व नोंदवह्या यांतून अभ्यासासाठी उरणारा वेळ थोडा असतो. म्हणूनच किती तास वाचले यापेक्षा कसे वाचले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

पुनर्वाचनाची मर्यादा :
परीक्षा जवळ आली की टिपणे पुन्हा पुन्हा वाचणे ही सर्वसाधारण प्रवृत्ती आहे. वारंवार वाचलेला मजकूर ओळखीचा वाटू लागतो. परंतु ओळखणे व आठवणे या भिन्न प्रक्रिया आहेत. रोडिगर व कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर दुसरा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचलेल्या उताऱ्याचे स्मरण अधिक होते; मात्र आठवड्यानंतर त्याचे स्मरण सुमारे ४२ टक्के, तर आठवून लिहिलेल्या उताऱ्याचे सुमारे ५६ टक्के आढळले. आदल्या रात्रीचे वाचन समाधान देते, पण टिकत नाही, याचे कारण यातून स्पष्ट होते.

वॉर्ड हीच अभ्यासिका :
परिचर्येत विस्मरणाची किंमत केवळ गुणांत मोजता येत नाही. ५०० मि.ली. सलाईन ५ तासांत द्यावयाचे असून संचातून १ मि.ली.मागे १५ थेंब पडत असतील, तर मिनिटाला २५ थेंब हा वेग ठेवावा लागतो. हे सूत्र पाठ असूनही रुग्णासमोर मांडता आले नाही, तर अभ्यास अपुराच म्हणावा लागेल. ड्यूटी संपल्यावर एका रुग्णाचे निदान, औषधे, त्यांचे दुष्परिणाम व परिचर्या-नियोजन वही न उघडता लिहून नंतर पुस्तकाशी ताडून पाहणे, हा सोपा व परिणामकारक मार्ग आहे. हीच उजळणी काही दिवसांच्या अंतराने पुन्हा केल्यास ती अधिक दृढ होते.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थिनींची अडचण वेगळी असते. मूत्रपिंडाचे कार्य त्यांना समजलेले असते, पण उत्तरपत्रिकेत ‘नेफ्रॉन’, ‘फिल्ट्रेशन’ या संज्ञा वेळेवर सापडत नाहीत. प्रथम मराठीत समजून घेऊन नंतर इंग्रजीत मोठ्याने सांगण्याचा सराव येथे उपयोगी पडतो.

अध्यापकांची भूमिका :
ताण कमी करण्याची जबाबदारी एकट्या विद्यार्थिनीवर टाकणे न्याय्य नाही. तासाच्या आरंभी मागील घटकावर पाच मिनिटांची, गुण न देणारी चाचणी घेतल्यास परीक्षेची भीती ओसरते व चूक वेळीच लक्षात येते. रात्रपाळीनंतर लगेच चाचणी न ठेवणे, हेही नियोजनात बसणारे आहे; कारण अपुऱ्या झोपेचा स्मरणावर प्रतिकूल परिणाम होतो.

समारोप :
आठवून पाहणे, अंतराने उजळणी करणे व रुग्णाशी जोडून शिकणे या तीन सवयी परीक्षेपुरत्या नाहीत. आज निर्धोक वर्गात झालेली चूक उद्या रुग्णाजवळ टळते. हेच या अभ्यासाचे खरे मूल्यमापन होय.