शब्द कुणाचे?

गेल्या दिवाळीला मंडळाच्या कार्यक्रमात लेकाने मराठी रॅप करायचं ठरवलं. मुलगा जन्मला-वाढला अ‍ॅशबर्नमध्ये. क्रियापदाचं लिंग हमखास चुकतो. मी रात्री जागून सोळा ओळी लिहून दिल्या. यमकं चोख, शुद्धलेखनसुद्धा! त्याने वाचून कागद परत केला. "बाबा, दुसऱ्याने लिहून दिलं तर तो रॅप नाही."

मी आमच्या पिढीचं हुकमी पान टाकलं: गीतरामायण. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. ५६ गीतं, शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या, आणि रेडिओवर गाणारे कितीतरी निरनिराळे. गाणाऱ्यांनी लिहिलं नाही म्हणून काही उणं पडलं का?

"पण तिथे 'मी' म्हणजे राम नाहीतर सीता. रॅपमध्ये 'मी' म्हणजे मीच."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उलट स्वतः लिहून स्वतः गाणारे वामनदादा कर्डक आठवले, अभंगात आपलं नाव गुंफणारे तुकोबा आठवले. (हे त्याला सांगितलं नाही. एवढी माघार परवडणारी नव्हती.)

मग त्यानेच लिहिलं. त्यात डेटा सेंटरची घरघर होती, नाशिकच्या आजीचा व्हिडिओ कॉल होता, आणि "आजी, तू कसा आहेस?" हेही होतं. तेवढं तरी दुरुस्त करू दे म्हटलं, तर नाही म्हणाला. सभागृहात त्या ओळीला हशा पिकला.

आईला रेकॉर्डिंग पाठवलं. तिने तीनदा पाहिलं म्हणे. मी चुकीबद्दल सारवासारव करायला लागलो, तर म्हणाली, "असू दे रे. तो मला फोनवर असंच विचारतो."