उजेडाचा रंग आणि वस्तूचा रंग

चेन्नई सेंट्रल स्टेशनची तांबडी इमारत 1873 सालची. तिच्या शेजारची, महानगरपालिकेची पांढरीशुभ्र रिपन बिल्डिंग 1913 सालची. स्वच्छ उन्हात रिपनचा फोटो काढला, तर उन्हातली भिंत पांढरी येते आणि कमानींखालची, सावलीतली भिंत निळसर दिसते. बघणारा म्हणतो, कॅमेऱ्याने रंग चुकवला. कॅमेऱ्याने काही चुकवलेलं नसतं. दुपारच्या उन्हाचं रंगतापमान साधारण 5500 केल्विन असतं. सावलीतल्या भिंतीला मुख्यतः निळ्या आकाशाचा उजेड मिळतो आणि तो 7000-8000 केल्विनच्या घरात जातो. तिथे उभं राहून आपल्याला हा निळेपणा जाणवत नाही, कारण डोळे आणि मेंदू मिळून उजेडाचा रंग वजा करत असतात. फेब्रुवारी 2015 मध्ये एका पोशाखाच्या फोटोवरून जगभर वाद झाला होता. कुणाला तो निळा-काळा दिसला, कुणाला पांढरा-सोनेरी. पोशाख प्रत्यक्षात निळा-काळाच होता. त्यावर कसला उजेड पडला असेल, याचा अंदाज प्रत्येकाच्या मेंदूने वेगळा बांधला होता.

त्यामुळे ‘काहीही न बदललेला फोटोच खरा’ हा आग्रह टिकत नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरकडून येणारी मूळ माहिती, म्हणजे ‘रॉ’, बहुधा हिरवट असते. लाल आणि निळ्या भागाला योग्य गुणकाने गुणल्यावरच त्यातून ओळखीचे रंग उभे राहतात. हा गुणाकार म्हणजेच व्हाइट बॅलन्स. तो कॅमेरा करतो, मोबाइल करतो किंवा आपण करतो. पण केल्याशिवाय फोटो होत नाही.

‘ऑटोवर ठेवलं की झालं’ हेही अर्धंच खरं. ऑटोची सर्वांत जुनी युक्ती अशी, की दृश्यातल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडी यावी असं धरून चालायचं. आजचे कॅमेरे याहून पुष्कळ हुशार आहेत, तरी एकाच रंगाने चौकट भरली की तेही फसतात. सेंट्रलच्या तांबड्या भिंतीने पूर्ण फ्रेम व्यापली, तर उजेडच लाल आहे असा समज होऊन कॅमेरा लाली काढून टाकू शकतो. मग भिंत निस्तेज दिसते.

दुरुस्ती करताना ‘फोटोतल्या पांढऱ्या वस्तूवर क्लिक करा’ असा सल्ला हमखास मिळतो. तमिळ लग्नात पांढरी वेष्टी (धोतर) समोरच असते, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो. पण धुतलेल्या पांढऱ्या कापडाला नीळ दिलेली असते आणि कपड्यांच्या साबणात असं चमकद्रव्य असतं, जे न दिसणाऱ्या अतिनील किरणांचं निळ्या प्रकाशात रूपांतर करतं. अशा वेष्टीवर क्लिक केलं की सॉफ्टवेअर तो निळेपणा मारायला जातं आणि सगळा मांडव पिवळा पडतो. रिपनची उन्हात जळालेली भिंतही उपयोगाची नाही. तिन्ही रंग 255 या कमाल आकड्याला टेकले असतील, तर तिथे उजेडाची काही माहितीच उरलेली नसते. त्यापेक्षा खात्रीचं राखाडी कार्ड त्याच उजेडात एकदा धरून फोटो घ्यावा. स्वस्तात होणारा आणि सर्वांत भरवशाचा उपाय तोच.

दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमधली केल्विनची पट्टी पुष्कळांना उलटी वाटते. 7500 केल्विनचा उजेड निळा असतो, पण पट्टी 7500 कडे नेली की फोटो पिवळा होतो. पट्टीवर आपण फक्त उजेड कसा होता ते सांगतो. सॉफ्टवेअर त्याच्या विरुद्ध रंग मिसळतं. शिवाय हिरवा-मॅजेंटा अशी दुसरी पट्टी असते. ट्यूबलाइटचा हिरवटपणा तिनेच जातो, केल्विनने जात नाही.

‘रॉमध्ये काढलं की नंतर सगळं सुधारता येतं’ या समजुतीने मात्र खरं नुकसान होतं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात आणि बॅलन्स आधीच पक्का झालेला असतो. 14 बिटच्या रॉमध्ये 16,384 पायऱ्या मिळतात आणि बॅलन्स नंतर ठरवता येतो. ही सोय मोठीच आहे. पण जो रंग उजेडातच नव्हता, तो रॉमध्ये कुठून येणार? लग्नाचा बस्ता आता फोटोवरूनही ठरतो. चेन्नईतल्या टी. नगरच्या दुकानातून पुण्याला कांजीवरमचे फोटो येतात आणि आमसुली म्हणून घेतलेली साडी घरी तपकिरी निघते. दिव्यांच्या रंगदर्शकतेचा निर्देशांक 100 पैकी मोजतात आणि साध्या एलईडीचा तो 80 च्या आसपास असतो. मात्र हा आकडा 8 फिक्या रंगांच्या सरासरीवरून काढलेला असतो. गडद लाल त्यात धरलेलाच नाही आणि स्वस्त एलईडी नेमके तिथेच कमी पडतात. तमिळमध्ये ‘अरक्कु’ म्हणतात त्या लाखेसारख्या लाल रंगावर याचा सर्वाधिक परिणाम होतो. जाणत्या बायका साडी दुकानाच्या दारात नेऊन दिवसाच्या उजेडात बघतात, ते शास्त्राला धरूनच आहे. फोटोही तिथेच काढायला सांगावा.

लग्नात एका बाजूला खिडकीचा उजेड आणि दुसऱ्या बाजूला पिवळा व्हिडिओ लाइट असेल, तर एकच आकडा दोघांनाही पुरत नाही. फोटोचे भाग वेगळे निवडून दुरुस्त करावे लागतात किंवा व्हिडिओ लाइटवर निळं जिलेटिन लावून दोन्ही उजेड आधीच जुळवून घ्यावे लागतात.

आणि प्रत्येक छटा पुसायची नसते. चेन्नईचा मरीना किनारा पूर्वेला तोंड करून आहे. तिथल्या सूर्योदयाची केशरी छटा ऑटो बॅलन्स फिकी करू शकतो, म्हणून तिथे कॅमेरा सरळ ‘डेलाइट’वर ठेवावा. समईची ज्योत 2000 केल्विनच्याही खाली असते. तिच्या उजेडातला गाभारा पांढरा करणं मला चूकच वाटतं.

सर्वांत जास्त दुखतं ते ‘बॅलन्स करून नवरी जरा गोरी करा’ हे मागणं. चेहरा किती उजळ दिसावा हे एक्स्पोजर ठरवतं, बॅलन्स नाही. बॅलन्स ओढून चेहरा पांढुरका केला, की हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल आणि जरीचा सोनेरी एकदमच बिघडतात. व्हिडिओ संपादनात वापरतात त्या व्हेक्टरस्कोपवर त्वचेसाठी एकच रेघ आखलेली असते. बॅलन्स बरोबर असेल, तर नवरी गोरी असो, सावळी असो की काळी, तिच्या चेहऱ्याचा रंग त्याच रेघेच्या आसपास पडतो.